स्वखुशीने परत गेली

मिदारजवळ, मोरोक्को, ९ सप्टेंबर १९९७

प्रिय नजात,

सलाम. वहिनीने नणंदेला तिच्या कामाच्या पत्त्यावर पत्र टाकावं, ही पद्धत नव्हे. पण घरी दोन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. फोन केला तर हे उचलतात, "आवाज येत नाहीये," म्हणतात आणि ठेवून देतात. मला मात्र त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत असतो.

यंदा सुट्टीला तू आमच्याबरोबर आली नाहीस, म्हणून सगळं लिहिते. तेवीस ऑगस्टला सकाळी हे म्हणाले, "नादोरला जाऊन गाडीचे ब्रेक दाखवून आणतो. सिहामलाही नेतो, तिला समुद्र बघायचाय." मी दोघांना पावात उकडलेली अंडी घालून दिली. दुपार झाली, संध्याकाळ झाली, पत्ता नाही. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. अपघात झाला असेल, असंच डोक्यात. दोन दिवस माझ्या पोटात अन्न नाही. तिसऱ्या दिवशी तुझ्या आईने कणीक मळता मळता सहज सांगितलं, "कशाला जीव काढतेस? पोचले असतील ते उत्रेख्तला."

माझा पासपोर्ट आणि तिथे राहायचा परवाना ह्यांच्या कातडी पिशवीत होते, ते तसेच गेले. धाकट्या दुनियाचं नाव तर ह्यांच्याच पासपोर्टात आहे. सिहामची शाळा सुरू होत होती, घाईत राहून गेलं असेल. निघायच्या आठवड्यात आमचं जरा वाजलं होतं, तोही राग असेल. तुला दादाचा स्वभाव माहीत आहे. टीव्हीखालच्या खणात बघ, कागद तिथेच असतील. पाकिटात घालून पाठव, म्हणजे मी आणि दुनिया बसने येतो. चार वर्षांची झाली, तिचीही शाळा सुरू व्हायला हवी होती.

माझं डच वाचून हसू नकोस. आपल्या दोघींना लिहिता येते अशी भाषा ती एकच.

तुझी वहिनी,
यामिना

---

उत्रेख्त, १४ ऑक्टोबर १९९७

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आमच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आलं तेव्हा कोरीने ते हातात नाचवत सगळ्यांना दाखवलं. "मोरोक्कोचं तिकीट! कोण गं हा, नजात? दात तरी आहेत ना सगळे?" कोरी म्हणजे आमची मुख्य आचारीण. तोंडाला कुलूप नाही, पण मनाने बरी आहे. मी म्हटलं, वहिनीचं पत्र आहे, तर बिचारी हिरमुसली.

खणात पाहिलं. कागद नाहीत. दादाला विचारलं, तर म्हणाला की आईची कंबर धरली आहे, तिच्याजवळ कुणीतरी हवं आणि वहिनी आपणहून राहते म्हणाली. तू तसं म्हणाली होतीस का? बोलता बोलता म्हणाली असशील.

सिहाम बरी आहे. गणितात नऊ मिळाले. रात्री माझ्याच खोलीत झोपते. आई कधी येणार म्हणून विचारते, मी सांगते, वसंतात. तू फार विचार करू नकोस. ऑलिव्ह उतरवायचे दिवस जवळ आले, आईला तेवढीच मदत होईल. दादाचा राग ओसरला की मी पुन्हा विषय काढेन.

घरी फोन करू नकोस. तो चिडतो आणि मग त्या दिवशी कुणाशीच धड बोलत नाही.

तुझी,
नजात

---

मिदारजवळ, २ फेब्रुवारी १९९८

नजात,

ईद परवा झाली. आता जे घडलं ते ऐक.

डिसेंबरात मी दुनियाला घेऊन पहाटेच्या बसने राबातला गेले, तुमच्या डच वकिलातीत. 'तुमच्या' लिहिलं बघ. ऑगस्टपर्यंत आपली होती. दोन दिवस दाराबाहेर रांगेत काढले तेव्हा काचेमागच्या बाईशी बोलता आलं. मी डच बोलायला लागले तशी तिने मान वर केली. माझं नाव, जन्मतारीख घेतली, आत कुठेतरी फोन केला. मग म्हणाली, "तुमचं नाव उत्रेख्तच्या नगरपालिकेच्या नोंदीतून काढलंय. स्वखुशीने मायदेशी परत गेली, असं लिहिलंय."

मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

"नवऱ्याने कळवलंय. शिवाय घरातल्या एका प्रौढ माणसाची साक्षीदार म्हणून सही आहे."

"पण माझा परवाना कायमचा आहे. दहा वर्षं राहिले मी तिथे. माझ्या दोन्ही मुली तिथे जन्मल्या. कायमचा म्हणजे काय हो बाई?"

ती वाईट नव्हती. हळूच म्हणाली, "तुम्ही तिथे राहत असाल तोपर्यंत कायमचा."

मुदत असते म्हणे. ठरलेल्या महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की परवाना आपोआप गळून पडतो, कुणाला रद्दही करावा लागत नाही. माझी मुदत येत्या वसंतात संपते. वसंत! तू सिहामला तोच सांगितला होतास ना?

म्हणजे राग नव्हता आणि घाई तर नव्हतीच. तुझा दादा अल्लाल अंडी घातलेला पाव हातात घेत होता, तेव्हाच त्याला सगळं माहीत होतं. सिहामने मागे वळून हात हलवला. त्याने मात्र वळून पाहिलं नाही, एवढंच आता आठवतं.

तुझ्या आईसमोर रडले, तर म्हणाली, "ह्याच्या बापाची वाट बघण्यात माझी एकतीस वर्षं गेली. तो वर्षातून एक महिना यायचा. मेले का मी?"

सही कुणाची असेल? घरातला प्रौढ माणूस म्हणे. तुझ्या दादाचा तो मित्र, दोन महिने सोफ्यावर झोपायचा तो, त्यानेच केली असेल. तू शोधून काढ. ती सही खोटी ठरली तर सगळंच उलटेल, असं बसमध्ये भेटलेले मिदारच्या शाळेतले एक मास्तर म्हणाले. लवकर कर.

यामिना

---

उत्रेख्त, २३ मे १९९८

वहिनी,

चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं.

ती सही माझी आहे.

मला काही कळत नव्हतं, दादाने फसवून घेतली, असं लिहिता आलं असतं. तुला ते खरंही वाटलं असतं. पण मी वाचून सही केली. कागदावर तुझं नाव होतं, खाली 'स्वखुशीने' होतं आणि टेबलापलीकडे दादा बसला होता. त्याचा कारखाना बंद पडल्यापासून तो कसा झालाय ते तुला माहीत आहे. तू क्लासला जातेस, सफाईचं काम धरलंस, घरात तुझाच शब्द चालायला लागला, ह्याचाच त्याला जास्त राग. तो म्हणाला, "करतेस, की पुढच्या उन्हाळ्यात तुलाही तिकडे सोडून येऊ? मामाचा मुलगा वाट बघतोय." मी म्हटलं नाही की असं करू नको. पेन कुठंय, एवढंच विचारलं.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या आदल्या आठवड्यातली ही गोष्ट. म्हणजे खणात कागद शोधले, असं मी तुला लिहिलं, तेही खोटं. कागद कुठे आहेत ते मला माहीत होतं. त्याने ते फाडले.

सिहामला सांगितलंय, की तूच तिकडे राहायचं ठरवलंस. ती आता काही विचारत नाही.

मला काय लिहायचं ते लिही. काहीच लिहिलं नाहीस तरी चालेल.

नजात

---

उत्रेख्त, ३० ऑगस्ट १९९८

वहिनी,

तुझं उत्तर नाही. यावं अशी अपेक्षाही नाही. पण ह्या पाकिटातले कागद तुझ्या हाती पडायलाच हवेत, म्हणून मिदारच्या शाळेच्या मास्तरांच्या नावाने पाठवते आहे.

जूनमध्ये कोरीने मला स्वयंपाकघरात बटाट्यांच्या ढिगासमोर रडताना धरलं. "कांद्याने रडतात, बटाट्याने नाही. बोल," म्हणाली. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता हिच्या तोंडून साऱ्या उत्रेख्तला कळणार. ती एप्रन काढून म्हणाली, "चल. माझ्या बहिणीच्या घटस्फोटाची वकीलबाई आहे, तिच्या फीचं नंतर बघू."

वकीलबाईंना अशा बायका नव्या नाहीत. त्यांच्याकडे आख्खं कपाट भरलंय, वहिनी. सगळ्यांच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या. म्हणाल्या, "मुदत संपली, परवाना गेला, ते आता उलटत नाही. पण बाई स्वतःहून राहिली नाही, हे दाखवता आलं तर परत येण्यासाठी नव्याने अर्ज करता येतो." त्यांनी विचारलं, "सही तुमचीच ना? मग ती खोटी होती असं लिहून द्याल? तुमच्यावरही येऊ शकतं." मी दिलं लिहून. धमकीसकट सगळं.

दादाला नोटीस गेली त्या संध्याकाळी त्याने माझी बॅग जिन्यावरून खाली टाकली. आता मी कोरीच्या माळ्यावर राहते. सिहामला शाळा सुटताना कुंपणापलीकडून बघते. जवळ गेले तर ती मैत्रिणीच्या आड होते.

सोबत आहे ते असं: तुझ्या डच क्लासचं प्रमाणपत्र, दुनियाच्या जन्माचा दाखला, डॉक्टरांचं पत्र, तू जिथे सफाई करायचीस त्या ऑफिसचं पत्र आणि माझा जबाब. हे घेऊन राबातला जा.

नजात

---

मिदारजवळ, १८ ऑक्टोबर १९९८

नजात,

कागद मिळाले.

तुझं मे महिन्यातलं पत्र मी विहिरीत टाकलं. मग बादली सोडून वर काढलं, कारण वाटलं, पुरावा म्हणून लागेल. तुला माफ केलं असं लिहायला बसले नाही. मी तुला कामाच्या पत्त्यावर सगळं सांगत राहिले आणि तू मला ऑलिव्ह उतरव म्हणालीस. ते मला झोपू देत नाही. एका जागी बसवत नाही. भांडी घासायला बसते, अर्ध्यात उठते. तुझी आई म्हणते, हिला भूत लागलंय.

राबातला जाऊन आले. ह्या वेळी एका साहेबासमोर बसवलं. त्याने सगळे कागद वाचले. मग विचारलं, "चौदा महिने तुम्ही इथे का राहिलात?"

"राहिले नाही. मला ठेवलं."

"पोलिसांत का गेला नाहीत?"

"कुठल्या? इथले म्हणतात, नवऱ्याच्या घरी आहेस, तक्रार कसली? तिथले तर मला ओळखतच नाहीत."

त्याने दुनियाकडे पाहिलं. ती टेबलाखाली बसून त्याच्या बुटाची नाडी सोडत होती. म्हणाला, "हिचे वडील डच नागरिक आहेत, म्हणजे ही आमची. हिला उद्यासुद्धा पाठवता येईल. तुमचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे मी हिला इथे ठेवून बाहेर जाऊन बसू?"

तो म्हणाला, "मी नियम सांगतोय."

अर्ज घेतलाय. सिहामचं लिहीत जा. कुंपणापलीकडचं का होईना.

यामिना

---

उत्रेख्त, ५ डिसेंबर १९९८

वहिनी,

अर्ज फेटाळला. तुझ्याकडेही पत्र येईल. कारण असं दिलंय, की सासरच्या घरी राहत होती, घरच्यांनी अडवून ठेवल्याचा गावातला पुरावा नाही. माझ्या जबाबाला ते म्हणतात, ही आधी एक बोलली, आता दुसरं बोलते, कशावर विश्वास ठेवायचा?

वकीलबाईंनी हरकत घेतली आहे. त्या म्हणतात, दुनिया इथे येऊन शाळेत बसली तर आईला बोलवायला जोर येईल. मला रजा मिळते. मी येऊन तिला घेऊन जाऊ शकते. कोरीने माळ्यावर तिच्यासाठी खाट लावली आहे.

आणखी एक. दादा अल होसैमा गावची दुसरी बायको आणतोय. तुला नादोरच्या कोर्टातून तलाक दिलाय म्हणे. कागद तुला पोचला की नाही, माहीत नाही. ती वसंतात इथेच येणार, उत्रेख्तला. सिहामला नवे पडदे निवडायला नेलं होतं. तिने शाळेत बाईंना सांगितलं, माझ्या खोलीला पडदे नकोत.

नजात

---

मिदारजवळ, २२ जानेवारी १९९९

नजात,

दुनियाला देणार नाही. तू आलीस तरी नाही. एक मुलगी मी माझ्या हाताने खाऊ बांधून त्या गाडीत बसवली. वकीलबाईंना सांग, जोर दुसरीकडून आणा.

आणि तो जोर आला, अशा ठिकाणाहून, की तुला खरं वाटणार नाही. ईदच्या दिवशी तुझ्या आईला तुझ्या पत्रातली दुसऱ्या बायकोची गोष्ट वाचून दाखवली. तलाकचं मला कळलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं. दुसरी इकडे येत नाही, तिकडे जाते, हे मात्र तिला नवीन होतं.

म्हणाली, "कुठे येणार ती?"

"उत्रेख्तला."

"मग तुला इथे कशाला ठेवलंय? मला सांगितलं, आई, तुझ्या कमरेसाठी सून ठेवतोय. मी शेजारणींना मोठ्या तोंडाने सांगितलं, माझ्या अल्लालने आपली बायको माझ्यासाठी सोडली. आणि दुसरी तिकडे नेतोय? माझ्या कमरेचं निमित्त करून ह्याने आपलं काम साधलं?"

दिवसभर चुलीपाशी बसून राहिली. सकाळी चादर पांघरून दारात उभी. "चल, कुठे अंगठा द्यायचा तिथे ने मला."

सरकारी कचेरीत कारकुनाने विचारलं, "आजी, पोराविरुद्ध सांगताय. नीट समजलंय ना?"

तुझी आई म्हणाली, "पोर माझं आहे. मला नाही समजणार तर कुणाला? लिही. सून राहते म्हणाली नाही. माझा मुलगा तिला न सांगता गेला. मला आधीपासून माहीत होतं. लिहिलंस? मला माहीत होतं, हेही लिही."

जबाब सोबत आहे. घरी येताना मी तिचा हात धरायला गेले, तर तिने झटकला. "तुझ्यासाठी नाही केलं," म्हणाली.

यामिना

---

११ जून १९९९

नजात,

गावाचं नाव लिहीत नाही. ह्या बायकांच्या निवाऱ्याचा पत्ता तुमच्या घरातल्या कुणालाच द्यायचा नाही, असा नियम आहे आणि तुझं आडनाव अल्लालचंच. म्हणून वकीलबाईंच्या हाती पाठवते. आपण एकाच देशात, बहुधा गाडीने तासाभराच्या अंतरावर आहोत आणि अजूनही पत्रच लिहितोय.

तुझ्या आईच्या जबाबानंतर अर्ज मंजूर झाला, एप्रिलच्या शेवटी आले. परवाना एका वर्षाचा आहे. आधीची दहा वर्षं जमेस नाहीत. काल आलेल्या बाईसारखी मी, पहिल्या पायरीवर. अर्ज भरताना कचेरीतली मुलगी म्हणाली, "छान डच येतं हो तुम्हाला, इतक्या लवकर!" इथे दुकानात गेले की हात आपोआप जुन्या पिठाकडे जातो, बसचा थांबा न विचारता सापडतो, आणि तरी पोलिसाची गाडी दिसली की मी गल्लीत वळते. परवाना दिवसातून तीनदा काढून बघते. निघायच्या दिवशी तुझी आई ओसरीवर पाठ करून बदाम फोडत होती. "जाते," म्हटलं, तर म्हणाली, "जा. बस चुकेल." मी वळणावरून पाहिलं, ती उभी राहिली होती.

आता सिहामचं. न्यायालयाने दर बुधवारी दुपारी दोन तास दिलेत, तेही एका बाईंच्या देखरेखीखाली. परवा पहिला बुधवार. खोलीत चार खुर्च्या, एक टेबल, खेळण्यांची पेटी. ती आली. माझ्या खांद्याला लागते आता, नजात. तू हे लिहिलं नव्हतंस. मी उठले, तर ती टेबलाच्या पलीकडे गेली. जाकीट काढलं नाही. डचमध्ये म्हणाली, "तू का राहिलीस तिकडे?"

मी आपल्या बोलीत सांगायला लागले. ती म्हणाली, "डचमध्ये बोल. मला ती भाषा येत नाही."

मग डचमध्ये सांगितलं. ब्रेक, नादोर, पाव, तिसरा दिवस, राबात. तुझी सहीही सांगितली, लपवलं नाही. तुझ्या आईचा अंगठाही सांगितला. ती ऐकत होती की नाही, कळेना. जाकिटाची चेन वरखाली करत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "बाबांनी मला मेलिलाच्या जहाजावर सांगितलं, की तू मागून विमानाने येतेयस. मी घरी पोचल्यावर तुझ्यासाठी चहा करून ठेवला होता." बस, एवढंच.

तेवढ्यात दुनियाने खेळण्यांच्या पेटीतला घोडा काढला. तिला आता डचचा एक शब्दही येत नाही. दोन वर्षांत सगळं धुऊन गेलं. ती म्हणाली, "हिला सांग, घोडा माझा."

मी सिहामला डचमध्ये सांगितलं. सिहाम म्हणाली, "तिला सांग, इथलं काहीच कुणाचं नाही, सगळं जाताना परत पेटीत ठेवायचं असतं."

मी दुनियाला आपल्या बोलीत सांगितलं, ताई म्हणते, खेळून झाल्यावर ठेवून दे.

सिहाम एकदम म्हणाली, "मी असं नाही म्हटलं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिलाही कळलं की पकडली गेली. कान लाल झाले. मग ती बरीच चिडली, माझ्यावर, खुर्चीवर, त्या देखरेखीच्या बाईंवर. पुढचा तासभर मी दोघींच्या मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते आणि सिहाम दर दुसऱ्या वाक्याला माझी चूक काढत होती. अर्धी भांडणं त्यांची, अर्धी माझ्या भाषांतराची. देखरेखीच्या बाई घाबरून लिहीत होत्या, 'मुली वाद घालतात.' मी त्यांना म्हटलं, लिहा, लिहा.

तुझ्याबद्दल. राग गेलेला नाही. कधी जाईल, जाईल का, तेही मला माहीत नाही. पण अल्लाल सिहामला पोचवायला आला तो जिन्यातच उभा राहिला आणि आत येताना पोरीचा चेहरा दगड झालेला होता. वकीलबाई म्हणतात, दुसऱ्या नातेवाइकाने आणलं तर चालेल. ती तुला कुंपणापलीकडून का होईना, रोज बघत आलीय. तू आणशील का? दारापर्यंत. आत यायचं का, ते नंतर ठरवू.

दोन तास संपले तेव्हा सिहाम दारात थांबली. दुनियाने घोडा पेटीत ठेवला होता आणि तोंड फुगवून बसली होती. सिहामने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि आपल्या बोलीत म्हणाली, "बुधवारी येतो."

'येते' म्हणायचं होतं. दुनिया खदखदून हसली. सिहामने तिच्याकडे रागाने पाहिलं, आणि मग पुन्हा, नीट म्हणाली.

यामिना